उपाशी या म्हणजे उपवास करून या नव्हे



मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका बाईसोबत मी तालुक्याला दवाखान्यात गेले होते. तिचं नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. तिला तीन लेकरं. चौथ्यांदा दिवस गेले आणि नवरा-बायकोने विचार करून ठरवलं की आता नको. डॉक्टरांनी तपासून दोन दिवसांनंतरची तारीख दिली. "भूल द्यावी लागेल, सकाळी उपाशी या," एवढंच सांगितलं.

नेमकी त्या दिवशी एकादशी. पहाटे उठून तिने घरातलं आवरलं, कपभर चहा घेतला, बशीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. चहाचं तर मीच म्हणाले होते, "घे गं थोडा, गाडीत चक्कर येईल." तिच्या मनात, आणि खरं सांगते, माझ्याही मनात, उपाशी म्हणजे उपवासच होता. उपवासाला चहा चालतो, खिचडी चालते.

दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, "काही खाल्लंय का?" ती म्हणाली, "नाही, उपवास आहे." सिस्टर जुन्या जाणत्या होत्या. त्यांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला, "उपवासाचं काय खाल्लं?" मग सगळं बाहेर आलं आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. घरी सासूला तिने 'बँकेचं काम आहे' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणतं काम काढायचं? येताना बसमध्ये ती माझ्याशी बोललीच नाही.

मला तेव्हा डॉक्टरांचा राग आला होता. एका कप चहाने काय बिघडतं? दुसऱ्या दिवशी सिस्टरनी समजावून सांगितलं तेव्हा राग गेला. आपण जाग्या असताना घास उलटा आला, ठसका लागला, तर घसा आपोआप श्वासाची नळी झाकून घेतो. भूल दिल्यावर घशाची ही राखण सुटते. पोटातलं वर आलं तर ते सरळ फुफ्फुसात उतरू शकतं, आणि त्यातून जिवावर बेतू शकतं. पोटाला एकादशी कळत नाही. दूध घातलेला चहा म्हणजे पोटासाठी जेवणच.

साधारण नियम असा. जेवण, दूध, चहा, फळं, शेंगदाणे, खिचडी, काहीही असो, भुलीच्या आधी किमान 6 तास बंद. तेलकट, तळलेलं खाल्लं असेल तर 8 तास. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत थोडं चालतं, पण आपल्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐकायचं. म्हणून नुसतं 'उपाशी' ऐकून घरी येऊ नका. विचारा: "रात्री किती वाजेपर्यंत जेवू? पाणी किती वाजेपर्यंत? माझी नेहमीची गोळी घेऊ का?" बीपीची किंवा थायरॉइडची गोळी बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. साखरेच्या गोळीचं आणि इन्सुलिनचं मात्र वेगळं असतं, ते विचारल्याशिवाय घेऊ नका. उलट काही जणी भीतीपोटी आदल्या दुपारपासूनच काही खात नाहीत. त्याचीही गरज नाही. रात्री हलकं जेवून झोपावं.

आणि मिश्री. कोणी लिहीत नाही, पण आपल्यातल्या किती जणींना सकाळी मिश्री लावल्याशिवाय जमत नाही, ते आपल्याला माहीत आहे. त्या सकाळी मिश्री नाही, तंबाखू नाही, पान नाही. तंबाखूने लाळ सुटते, मळमळतं, नाडी वाढते. सवय आहे हे भुलीच्या डॉक्टरांना सांगून टाका. ते आपल्याला नावं ठेवायला बसलेले नाहीत, त्यांना औषधाचं माप ठरवायचं असतं.

खरं सांगण्यावर इथे सगळं अवलंबून आहे. गर्भपात म्हटलं की आपण आधीच लाजेने अर्ध्या झालेल्या असतो, मग एक-एक गोष्ट लपवत जातो. दमा आहे, फिट येते, आधी सिझर झालंय, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ येतं, मागे भूल दिली तेव्हा त्रास झाला होता, हे सगळं सांगा. सगळ्यात जास्त लपवलं जातं ते म्हणजे मेडिकलमधून गुपचूप आणून खाल्लेल्या गोळ्या किंवा कोणी दिलेला काढा. गोळ्या खाऊन अर्धवट झालेलं असेल तर डॉक्टरांना ते आधी कळलंच पाहिजे. शेवटच्या पाळीची तारीखही खरी सांगा. आठवडे त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, दिवस राहिल्याचं कळलं तेव्हापासून नाही. यात महिनाभराचा फरक पडतो.

आधी रक्त तपासतात, हिमोग्लोबिन आणि रक्तगट बघतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर वेगळं इंजेक्शन लागू शकतं. सोनोग्राफी करतात ती आठवडे मोजायला आणि गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत तर नाही, हे बघायला.

भूल म्हणजे दर वेळी पूर्ण झोपवतातच असं नाही. लवकरच्या आठवड्यांत गोळ्यांनी होतं, तिथे भूल लागतच नाही. 12 आठवड्यांपर्यंत नळीने ओढून पिशवी मोकळी करतात, ते काम पाच-दहा मिनिटांचं. त्यासाठी कधी पिशवीच्या तोंडाजवळ इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. तेव्हा बाई जागी असते, पाळीसारख्या कळा जाणवतात. कधी हाताच्या शिरेतून औषध देऊन थोडा वेळ गुंगी आणतात किंवा झोपवतात. आपल्याला काय देणार, कोण देणार, हे विचारायला लाजू नका. 'क्युरेटिंग' म्हणजे पिशवी खरवडण्याची जुनी पद्धत आता जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. नळीने करणार का, हेही विचारा. आत नेण्याआधी काही तास पिशवीचं तोंड मऊ करायला गोळ्या देतात. त्याने कळा येतात, थोडं अंगावर जातं. घाबरू नका.

जाताना सैल गाऊन घाला, नखांना रंग नको, कारण बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात. बांगड्या, नथ, जोडवी घरी ठेवा. मंगळसूत्र घरी काढायला मन होत नसेल तर सोबत आलेल्या बाईच्या हातात द्या. दातांची कवळी असेल, एखादा दात हलत असेल, तर सांगा. पॅड, आधार कार्ड, जुने कागद पिशवीत टाका. सोबत मोठं माणूस हवंच, कारण त्या दिवशी एकटीने गाडीवर यायचं नाही. 24 तास विळा, गाडी, कडबा कापायचं यंत्र यांना हात लावायचा नाही. म्हणजे धारा कोण काढणार, पाणी कोण भरणार, हे आदल्या दिवशीच ठरवायचं. अंगावर पिणारं बाळ असेल तर पूर्ण शुद्धीवर आल्यावर पाजता येतं का, तेही आधीच विचारून ठेवा.

आता सहीचं. बाई 18 वर्षांवरची असेल तर कायद्याने फक्त तिचीच सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. 18 च्या आतल्या मुलीसाठी पालकाची लागते. 1971 पासून हा कायदा आहे, 2021 मध्ये तो बदलून 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत आणि काही ठरलेल्या कारणांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत, असं झालं. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न न झालेल्या बाईलाही तोच हक्क आहे. गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे, कायद्यात बसणारा गर्भपात गुन्हा नाही. हे दोन्ही एकत्र कालवून लोक बायकांना घाबरवतात. खासगी दवाखान्यात मात्र मंजुरीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे का ते बघा. आणि 'आधी ऑपरेशन करून घ्या, मगच खाली करू' अशी अट कोणी घातली तर ती चुकीची आहे. तांबी बसवायची की गोळ्या घ्यायच्या, हे आपण ठरवायचं. पण ठरवायचं लवकर, कारण दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस राहू शकतात.

गटातून कर्ज घ्यायचं झालं तर वहीत 'आजारपण' एवढंच लिहावं. बैठकीत कारण विचारण्याची गरज नाही. डॉक्टरांनी नाव फोडलं तर त्यांना शिक्षा आहे, मग आपण तरी का फोडावं?

घरी आल्यावर तासाला दोन पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं दोन तास चाललंय, थंडी-ताप आलाय, घाण वास येतोय, पोट असह्य दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा, आणि तिथेही काय झालं ते खरं सांगा.

आमची मैत्रीण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. सासूला सांगितलं, बँकेत एक कागद राहिला. सिस्टरनी विचारलं, "आज?" ती म्हणाली, "आज पाणीसुद्धा नाही." दुपारी शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा चहा मागितला.