सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते?

इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक उघडले की आरंभीच नाम आणि सर्वनाम यांची प्रकरणे भेटतात. विषय इतका प्राथमिक वाटतो की, विद्यार्थी व्याख्या पाठ करून पुढे सरकतो. पुढे हुकूम, अर्ज आणि नोटिसा लिहिण्याचा प्रसंग आला म्हणजे मात्र पुष्कळशा अडचणींचे मूळ याच दोन प्रकरणांत सापडते.

मराठी नामाचे लिंग जन्माबरोबर आलेले असते. भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते. असे का, याला बहुधा उत्तर नसते. इंग्रजीत निर्जीव वस्तूला सामान्यतः 'इट' हेच सर्वनाम लागते. 'ही' आणि 'शी' ही प्रामुख्याने पुरुष व स्त्री यांच्याकरिता राखलेली. म्हणून मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी नाम शिकताना लिंग मिळवावयाचे नसून विसरावयाचे असते.

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे एखादे मराठी कुटुंब राहावयास गेले, तर त्यातील मुलाला या कामी शेजारची कन्नड भाषा साह्य करील. कन्नडमध्ये पुरुषाला 'अवनु', स्त्रीला 'अवळु' आणि भिंत, दरवाजा, घर या सर्वांना 'अदु'. गायीलाही 'अदु'च. या बाबतीत कन्नड ही मराठीपेक्षा इंग्रजीला जवळची आहे. कन्नड शेजाऱ्याशी बोलू लागलेल्या मुलाला 'इट' परके वाटण्याचे कारण नाही.

लिंगाच्या बाबतीत इंग्रजी सोपी. पण अन्यत्र तिची सर्वनामे मुग्ध आहेत. 'आम्ही खर्च करू' आणि 'आपण खर्च करू' यांत ऐकणाऱ्याच्या खिशाचा प्रश्न असतो. इंग्रजीत दोहोंना 'वी' हा एकच शब्द. ऐकणारा त्यात आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

दुसरे उदाहरण पाहा. 'रोखपालाने कारकुनाला आपल्या कपाटाची किल्ली दिली,' म्हटले की कपाट रोखपालाचे. 'त्याच्या कपाटाची' म्हटले की ते कारकुनाचे, किंवा तिसऱ्याच कोणाचे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'हिज' येतो. उद्या त्या कपाटातील रक्कम कमी भरली आणि चौकशी सुरू झाली, तर त्या एका शब्दावर कोणाची तरी नोकरी टांगलेली राहील. यावर उपाय साधा आहे : संदेह येईल तेथे सर्वनाम सोडावे आणि नाम पुन्हा लिहावे. पुनरुक्तीने वाक्य थोडे जड होईल, पण दोष भलत्याच्या माथी जाणार नाही.

कायद्यालाही हा प्रश्न सोडवावा लागला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८ मध्ये 'ही' हे सर्वनाम पुरुष वा स्त्री, कोणाही व्यक्तीविषयी वापरले आहे, असा खुलासा होता. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम १३ ने केंद्रीय कायद्यांना असाच नियम घालून दिला. विषयाशी किंवा संदर्भाशी विसंगती नसेल, तर पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश धरावा. दंड संहितेची जागा घेणारी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली. तिने 'ही' या शब्दाच्या कक्षेत पुरुष व स्त्री यांच्याबरोबर तृतीयपंथी व्यक्तींचाही स्पष्ट उल्लेख केला. शब्द दोन अक्षरांचाच राहिला. त्याच्या छायेखाली येणारी माणसे वाढली.

असे वाक्य मराठीत आणणाऱ्याची कसोटी याहून कठीण असते. मराठीत सर्वनामाबरोबर पुष्कळदा क्रियापदही लिंग बोलून दाखवते. 'तो गेला' म्हटले की स्त्री वगळली गेलीच. अशा वेळी मराठीची जी खोड आरंभी अडचणीची वाटली, तीच उपयोगी पडते. 'व्यक्ती' हे नाम स्त्रीलिंगी असले तरी ते कोणत्याही माणसाला लागू पडते. 'जी व्यक्ती अर्ज करील, तिने सही करावी,' असे लिहिले की कोणीही बाहेर राहत नाही, आणि आपल्याला स्त्री म्हटले असे कोणा पुरुषासही वाटत नाही.

तेव्हा 'ही', 'हिज' किंवा 'वी' लिहिताना लेखकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : हे सर्वनाम कोणाकडे बोट दाखवीत आहे? त्याचे उत्तर एकच येत असेल, तर वाक्य ठीक. दोन येत असतील, तर व्याकरण शुद्ध असूनही वाक्य सदोष आहे, असे समजावे.