सॉफ्टवेअर अभियंत्याचा व्यावसायिक विकास

सॉफ्टवेअर अभियंत्याचा व्यावसायिक विकास म्हणजे पदवी अथवा पहिली नोकरी मिळाल्यानंतर संगणक अभियंता आपले ज्ञान, कौशल्य आणि निर्णयक्षमता ज्या मार्गाने वाढवत नेतो ती प्रक्रिया होय. नवनव्या संगणकीय भाषा शिकणे एवढाच तिचा अर्थ अनेकदा घेतला जातो. तो अपुरा आहे. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचून समजून घेणे, तीत बदल करताना काय बिघडेल याचा अंदाज बांधणे आणि सहकाऱ्यांना आपला विचार पटवून देणे हे या विकासाचे अधिक महत्त्वाचे व अधिक वेळ घेणारे भाग आहेत.

पार्श्वभूमी

'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' ही संज्ञा इ.स. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुरस्काराने भरलेल्या परिषदेमुळे रूढ झाली. मोठ्या संगणक प्रणाली वेळेत व अपेक्षित खर्चात पूर्ण होत नव्हत्या, हा त्या परिषदेपुढील मुख्य प्रश्न होता. भारतात त्याआधीच, १९६० मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला होता. संगणकशास्त्राची पदवी तेव्हा देशात उपलब्ध नव्हती. त्यामुळे त्यावर काम करणारे लोक यंत्रापाशी बसूनच ही विद्या शिकले. पुढे अभ्यासक्रम आले, पदव्या आल्या. तरी कामातून शिकण्याचा हा भाग कमी झालेला नाही.

स्वरूप

ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मेयर लेहमन यांनी १९७० च्या दशकात असे दाखवून दिले, की वापरात असलेली प्रणाली सतत बदलावी लागते, अन्यथा तिची उपयुक्तता घटत जाते. परिणामी अभियंत्याचा बराचसा वेळ नवे लिहिण्यापेक्षा जुने सांभाळण्यात जातो. महाविद्यालयात मात्र विद्यार्थी बहुधा कोऱ्या पानावरून सुरुवात करतो आणि परीक्षा झाली की ती आज्ञावली विसरून जातो. नोकरीच्या पहिल्या वर्षी जो गोंधळ उडतो त्याचे मूळ बहुतांशी येथे आहे, बुद्धीच्या कमतरतेत नाही.

डॅनिश शास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मधील आपल्या निबंधात या अडचणीची मीमांसा केली. त्यांच्या मते आज्ञावली लिहिणारे लोक तिच्याविषयी एक आकलन मनात बांधत असतात आणि ते कागदोपत्री पूर्णपणे उतरवता येत नाही. ही माणसे निघून गेली की प्रणाली चालू राहते, परंतु ती तशी का आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून नवख्याने जाणत्यांच्या सोबत काम करणे नाऊर यांना आवश्यक वाटे. फ्रेड ब्रुक्स यांचे १९७५ मधील प्रसिद्ध निरीक्षण याला जोडून वाचता येते: रखडलेल्या प्रकल्पात अधिक माणसे घातल्यास तो आणखी रखडतो. त्याचे एक कारण असे, की नव्यांना शिकवण्यासाठी जुन्यांना हातातले काम बाजूला ठेवावे लागते. शिकवण्याचा हा खर्च टाळणाऱ्या संस्थेत नवखा अभियंता कामे उरकायला शिकतो. ती का करायची हे त्याला कळेलच असे नाही.

प्रत्यक्ष शिक्षणाचे सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे परस्परांच्या आज्ञावलीचे परीक्षण, ज्याला व्यवहारात 'कोड रिव्ह्यू' म्हणतात. मायकेल फेगन यांनी आयबीएममधील अशा तपासणीची पद्धत १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा हेतू दोष लवकर शोधणे हा होता. परंतु ज्याची आज्ञावली तपासली जाते त्याइतकाच तपासणाराही शिकतो, हा अनुभव पुढे सार्वत्रिक ठरला.

महाराष्ट्रातील मार्ग

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा प्रगत संगणनातील सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम पदवी आणि नोकरी यांमधील पूल म्हणून ओळखला जातो. 'सी-डॅक करणे' असा वाक्प्रयोगच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत रुळला आहे. सामान्य संगणक साक्षरतेसाठी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्यांपर्यंत पोहोचला, मात्र व्यावसायिक अभियंता घडवणे हा त्याचा उद्देश नाही.

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. मुक्त स्रोत प्रणाली शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ त्यात असून त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. पाठ थोडा ऐकायचा, थांबवायचा आणि तीच कृती शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायची, अशी त्याची रीत आहे. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीतच राहतात, स्पष्टीकरण मातृभाषेत होते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे

या भागात 'अभियंता' हा शब्द दीर्घकाळ चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, कोळसा खाणी आणि भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना यांच्याशी जोडलेला होता. अशा ठिकाणी नवा माणूस पाळीत अनुभवी माणसाच्या हाताखाली राहतो आणि यंत्राचा बदललेला आवाज ओळखायला शिकतो. सॉफ्टवेअरमध्ये असा आवाज नसतो. शेजारी बसलेल्याची चूकही दिसत नाही, ती दाखवावी लागते.

चंद्रपूर येथे १९९६ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. शिक्षण जवळ आले, पण सॉफ्टवेअर कंपन्या मुख्यतः नागपूरचे मिहान, पुण्यातील हिंजवडी अशा ठिकाणी एकवटल्या आहेत. भद्रावतीच्या विद्यार्थ्याला यातून दुहेरी तोटा संभवतो: सुट्टीत विचारायला जावे असा या व्यवसायातला ज्येष्ठ गावात सहसा नसतो, आणि जो तयार होतो तो बाहेरगावी स्थायिक होतो.

मुक्त स्रोत प्रकल्प ही उणीव अंशतः भरून काढतात. लिनक्ससाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या 'गिट' या प्रणालीत प्रत्येक बदल, तो करणाऱ्याचे नाव आणि त्याने दिलेले कारण नोंदवले जाते. सार्वजनिक प्रकल्पांत हा इतिहास कोणालाही वाचता येतो. नवख्याने पाठवलेली पहिली दुरुस्ती अनेकदा शुद्धलेखनाची अथवा माहितीपत्रकातील एका ओळीची असते, आणि तीही पुष्कळदा शेऱ्यांसह परत येते. हे शेरे बहुधा इंग्रजीत, तुटक आणि कधी रुक्ष असतात. ते आज्ञावलीविषयी आहेत, आपल्याविषयी नव्हेत, हे उमगायला काही महिने लागतात.