हवाई अंतर व प्रवासाची वेळ

मुंबई ते कोलकाता हा लोहमार्ग नागपूरवरून सुमारे १,९७० किलोमीटरांचा आहे. हवाई अंतर मात्र सुमारे १,६५० किलोमीटरच भरते. ताशी ८२५ किलोमीटर वेग धरल्यास विद्यार्थ्याचे उत्तर दोन तास येईल. वेळापत्रक अडीच तासांहून अधिक वेळ दाखविते. कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतची असते. धावपट्टीवरील संथ चाल, चढण व उतरण यांत वेग कमी असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात; म्हणून मुंबईस परतताना अधिक वेळ लागतो. विद्यार्थ्याचे उत्तर शिक्षकांनी चूक ठरवू नये. नकाशावर दोरा ताणून प्रमाणानुसार अंतर मोजवून घ्यावे व सरासरी वेगाची कल्पना येथूनच स्पष्ट करावी.