कडी आपल्या घराची

दिवसाचे काम आटोपून आपण घरी येतो. दाराला कडी घालतो. घरची माणसे सुखदुःखाचे बोलतात. ते बोलणे कुणी बाहेरून चोरून ऐकले, तर आपल्याला राग येतो. आपण काही गुन्हा करत नसतो. पण ती गोष्ट आपली, खासगी असते.

खासगी गोष्ट राखण्याचा आपल्याला हक्क आहे का? त्याची हकिकत आम्ही सांगतो.

उत्तर प्रदेशात खरकसिंग नावाचा माणूस होता. 1941 साली दरोड्याच्या खटल्यात त्याला पकडले. पुरावा मिळाला नाही, म्हणून सोडले. तरी पोलिसांनी त्याचे नाव आपल्या दप्तरी ठेवले. चौकीदार आणि शिपाई रात्री येऊन दार ठोठावत, झोपेतून उठवत. अशी त्याची तक्रार होती. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला.

1962 साली निकाल लागला. रात्री असे घरी जाणे कोर्टाने बंद केले. राज्यघटनेचे कलम 21 माणसाचे जीवन आणि स्वातंत्र्य राखते, त्याच्या हे विरुद्ध आहे, असे कोर्ट म्हणाले. पण खासगीपणाचा वेगळा हक्क घटनेत नाही, असेही बहुतेक न्यायाधीशांनी सांगितले.

पुढे आधार कार्ड आले. पुट्टस्वामी नावाच्या निवृत्त न्यायाधीशांनी त्यावर अर्ज केला. 24 ऑगस्ट 2017 रोजी सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे!

आता काळ बदलला, बरं का. खरकसिंगाला दारावरची थाप ऐकू तरी येत होती. आजची पाळत मुकी आहे. खिशातला फोन जवळच्या टॉवरशी जोडलेला असतो. त्यावरून आपण कुठे आहोत, याचा अंदाज येतो. चौकातला कॅमेरा चेहरा टिपतो. यंत्र चेहऱ्याची मापे घेते आणि साठवलेल्या फोटोंशी ताडून पाहते. भिंतीला कान असतात म्हणत. आता डोळेही आले.

मग काय, पोलिसांनी चोर धरू नये? धरावाच. पण यंत्रही चुकते. एकासारखा दुसरा दिसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची!

म्हणून सरकारने पाळत ठेवली, तर तीन प्रश्न विचारायचे. याला कायदा आहे का? खरी गरज आहे का? गरजेपेक्षा जास्त तर होत नाही ना? 2017 च्या निकालातून हीच कसोटी मिळाली.

ती नुसती कागदावर राहिली नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे फोन सरकारी हुकमाने ऐकले गेले. 2019 साली मुंबई हायकोर्टाने ते हुकूम रद्द केले. लोकांच्या सुरक्षिततेला धोका नसताना फोन ऐकले, म्हणून नोंदी नष्ट करायला सांगितल्या.

तेव्हा कुणी अंगठा, फोटो किंवा फोन नंबर मागितला, तर आधी विचारा : कशासाठी? कोण ठेवणार? कागद पुढे केला, तर पुरता वाचा. आता आपल्याला वाचता येते. न वाचता सही करू नका.

घराची कडी आपण घालतो. या हक्काची कडीही आपणच घालायची आहे.