खो-खोमधील व्यूहरचना व खेळाडूंच्या भूमिका : फुटबॉलच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

फुटबॉलचा सामना सुरू होण्यापूर्वी ४-४-२ किंवा ४-३-३ अशी रचना जाहीर होते आणि जाणकार प्रेक्षकास संघाचा मनोदय कळतो. खो-खोला असा आकडा नाही. त्यामुळे या खेळात वेग आहे, परंतु व्यूह नाही, असा समज आढळतो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाचे नियम प्रथम तयार केले, त्याच्याविषयी पुण्यातच हा समज असावा, हे खेदजनक आहे. खो-खोचे मैदान २७ × १६ मीटरचे असते. फुटबॉलच्या १०५ × ६८ मीटरच्या एका मैदानात क्षेत्रफळाच्या हिशेबाने अशी सोळा मैदाने सामावतील. कसबा पेठेसारख्या दाट वस्तीतील शाळांना हा खेळ जवळचा वाटावा, याचे एक कारण येथेच सापडते. प्रस्तुत लेखात पारंपरिक खो-खोतील आक्रमणाची रचना व तीतील भूमिका यांचा विचार केला आहे.

बैठकीचा व्यूह

आक्रमण करणाऱ्या नऊ खेळाडूंपैकी आठ जण दोन खांबांमधील पाटीवरील चौकांत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतल्यावर खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय मागे वळता येत नाही. संरक्षक मात्र बैठ्या खेळाडूंमधून कोठेही जाऊ शकतो. प्रत्येक खेळाडूला वळसा घालून तो पळतो, ती एकेरी साखळी. दोघांना मिळून वळसा घालतो, ती दुहेरी साखळी. अशा संरक्षकास एकटा आक्रमक गाठू शकत नाही. तो खो देतो, म्हणजे पाठलागाची बाजू बदलतो.

येथे फुटबॉलशी मूलभूत भेद दिसतो. खो देणारा हा खो घेणाऱ्याच्या चौकात बसतो. म्हणून खांबाजवळ सूर मारण्यात निष्णात असलेला खेळाडू काही क्षणांतच मधल्या चौकात जाऊ शकतो. १९७४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या संघाने जागांची अदलाबदल हे तत्त्व म्हणून स्वीकारले. खो-खोत ती अदलाबदल नियमानेच घडते. परिणामी प्रत्येकास पाठलाग, खांबावरील खेळ आणि खो देण्याची पारख ही तिन्ही कौशल्ये आत्मसात करावी लागतात.

न नोंदलेली भूमिका

यांपैकी तिसरे कौशल्य सर्वांत दुर्लक्षित आहे. खो लवकर दिला तर संरक्षक मागे वळतो. उशिरा दिला तर तो पुढे निसटतो. संरक्षकाचा तोल ज्या क्षणी एका बाजूस झुकतो, त्याच क्षणी दिलेला खो गडी मिळवून देतो. तथापि वृत्तपत्रांतील वृत्तान्तात संरक्षणाची मिनिटे आणि टिपलेले गडी एवढेच येते. फुटबॉलमध्ये गोलाचा पास देणाऱ्याचीही नोंद होते. खो-खोत खो देणारा अनामिक राहतो. निवड करताना हेच आकडे समोर राहिले, तर संघाचा कणा असलेला विद्यार्थी मागे पडण्याचा धोका संभवतो.

२०२२ साली बालेवाडीत झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत कोणत्याही दिशेस धावू शकणारा ‘वजीर’ ही भूमिका आली. तिने प्रेक्षकांस एक ठळक नायक दिला. परंतु नायकाच्या झोतात खो देणारा अधिकच अंधारात जाऊ नये.

समारोप

खो-खोचा व्यूह आकड्यात मांडता येत नाही, कारण तो प्रत्येक खोबरोबर नव्याने रचला जातो. हा व्यूह रचणाऱ्यास श्रेय मिळावयाचे असेल, तर शालेय व महाविद्यालयीन सामन्यांच्या गुणपत्रकात बाद झालेल्या प्रत्येक गड्यापुढे शेवटचा खो देणाऱ्याचा क्रमांक लिहिण्याचा एक रकाना वाढवावा. त्यास खर्च नाही. आवश्यक आहे ती केवळ पाहण्याची सवय.