रिकामी गाडी, भरलेली गाडी

टेम्पोच्या मागच्या चाकांना किती ब्रेक लागावा, हे कोण ठरवते? चालकाचा पाय, असेच मलाही वाटत होते. गेल्या पावसाळ्यात बेळगावची भाजी गोव्यात उतरवून परतताना काकांचा टेम्पो चोर्ला घाटात ब्रेक दाबताच मागून घसरला आणि रस्त्यात आडवा झाला. समोरून कोणी येत नव्हते, म्हणून निभावले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पण त्या दिवसापासून या यंत्राचा हिशेब समजून घेतला.

ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो. समजा, १२०० किलोच्या रिकाम्या गाडीचे ५०० किलो मागच्या चाकांवर आहेत. बऱ्यापैकी जोराचा ब्रेक लागताच त्यातले दीडएकशे किलो पुढे जातात. हलकी झालेली मागची चाके जागीच अडकली, तर गाडी गरकन फिरते. उलट हजार किलो माल भरला, की त्याच चाकांना कितीतरी अधिक ब्रेक पेलतो. म्हणून चासीवर एक व्हॉल्व्ह बसवतात व त्याचा दांडा स्प्रिंगने मागच्या ॲक्सलला जोडतात. माल भरला की चासी खाली बसते, दांडा हलतो आणि मागे जाणाऱ्या तेलाचा दाब वाढू दिला जातो. गाडी रिकामी असली की तो दाब रोखला जातो.

आमची चूक इथेच होती. जास्त माल पेलावा म्हणून काकांनी मागे एक जादा पाटा घातला. परिणामी भरलेली गाडीही खाली बसेना. व्हॉल्व्ह तिला रिकामीच समजू लागला. पुढचे ब्रेक तापून जळका वास येई. यावर एका कारागिराने दांडा तारेने 'भरलेल्या' जागी बांधून टाकला! भार असताना ते खपले. रिकाम्या परतीत मात्र अंगाशी आले.

हुबळीकडच्या मिस्त्रींनी कन्नडमध्ये समजावत गाडी नीट केली. प्रथम जादा पाटा काढला, कारण उंची बदललेली असता मूळ माप लागू पडत नाही. मग तेलाची गळती, गंज, वाकलेला दांडा, ढिली स्प्रिंग पाहिली. दांडा हाताने मोकळा फिरतो का, तेही पाहिले. त्यानंतर गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी केली. जॅकवर उचलली तर ॲक्सल लोंबतो आणि माप चुकते. कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या वजनाला स्प्रिंगची लांबी मोजली, नट सैल करून ती जुळवली व नट पुन्हा घट्ट केला. शेवटी पुढच्या व मागच्या नळ्यांना गेज लावून दोन्ही दाब पुस्तकातील कोष्टकाशी ताडून पाहिले. मग मोकळ्या मैदानात, कमी वेगाने चाचणी घेतली.

हे काम जाणत्या मिस्त्रीचेच. आपण स्वतः पाना हाती घेऊ नये. पण गाडीखाली वाकून तार बांधलेली नाही ना, एवढे तरी कोणीही पाहू शकतो. 'भार' हा शब्द मराठीत आहे, तसाच कन्नडमध्येही आहे. व्हॉल्व्हला मात्र तो दांड्याच्या हालचालीवरूनच कळतो. तो दांडा बांधून टाकणे म्हणजे वहीत खोटी नोंद करणे होय. आणि घाटात त्या नोंदीची तपासणी झाल्याशिवाय राहत नाही.