जवळजवळ शून्य शिल्लक

चौतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठलेही नाते दिसले, की त्यात शिल्लक किती, हे मी आधी पाहतो. मग ते माणसांचे असो वा अणूंचे.

हेलियम हा तर अणूंमधला महाअलिप्त. कुणाशी देणेघेणे नाही. असे दोन अणू एकमेकांना धरून राहतील का, यावर शास्त्रज्ञांत फार वर्षे वाद होता. १९९४ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेन येथे शोलकोफ आणि टोनीस यांनी अतिथंड हेलियमचा झोत अतिसूक्ष्म फटींच्या जाळीतून सोडला. कणही तरंगासारखे वळतात, आणि जड कण कमी वळतो. त्यावरून एकटे, दुकटे, तिघे असे वेगवेगळे ओळखता आले. जोडी होती!

पण जोडी कशी? हायड्रोजनच्या रेणूत दोन अणूंमधले अंतर जेमतेम पाऊण आँगस्ट्रॉम; इथे सरासरी सुमारे ५०. बंध एका केल्विनच्या सहाशेव्या भागाएवढा. जुन्या यामिकीनुसार जिथे असायला परवानगीच नाही, तिथे हे अणू सुमारे चार-पंचमांश वेळ असतात. हलक्या हेलियम-३ च्या दोघांचे तर खातेच उघडत नाही.

आता तिसरा अणू येऊ द्या. जोड्या तीन झाल्या, तेव्हा बांधणी तिप्पट व्हावी. गणित सांगते, सुमारे ऐंशी पट! पुंजयामिकीत अणूला स्वस्थ बसता येत नाही. दोघांच्या आकर्षणाची जमा या चुळबुळीतच जवळजवळ खर्च होते. तिसरा आला की जमा वाढते, खर्च त्या मानाने वाढत नाही. याशिवाय तिघांची एक अतिविशाल, सैल अवस्था असते, असे भाकीत विताली येफिमोव्ह यांनी १९७० मध्ये केले होते. फ्रँकफुर्टच्या संशोधकांनी ती २०१५ मध्ये हेलियममध्ये पाहिली.

आम्हीही तिघे मित्र होतो. रविवारचा चहा चुकत नसे. दोन वर्षांपूर्वी एक गेला. उरलेल्या आम्हा दोघांत भांडण नाही, तंटा नाही. पण आता महिन्याकाठी एखादा फोन, तोही प्रकृतीची चौकशी करण्यापुरता. आमच्या मैत्रीतली बरीचशी रक्कम त्याच्याच नावावर जमा होती, हे तो गेल्यावर कळले.

अणूंना मैत्री कळत नाही, हे मी जाणतो. पण शून्य शिल्लक आणि जवळजवळ शून्य शिल्लक यांतला फरक बँकेतल्या माणसाला कळतो. दुसरे खाते अजून चालू असते. एवढे लिहून झाले, की त्याला चहाला बोलावणार आहे.